तुळशीराम हसला नाही

या, असे जवळ या. दाराशी काहून बसता? सतरंजी पुष्कळ मोकळी आहे, सरका पुढं. एक गोष्ट सांगतो. अपघाताची आहे, मोडलेल्या पायाची आहे, कोर्टाचीही आहे. पण घाबरू नका. हसत घरी जाल, एवढा शब्द देतो.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. घरात अचानक पाहुणे यावेत तशी शहराची धांदल उडाली होती. आज हा रस्ता खोदला, उद्या तो रुंद केला, परवा मधोमध दुभाजक उभा राहिला. तेलीबांध्याकडून लाल दिव्याच्या गाड्या सुसाट यायच्या आणि गोल बाजाराच्या तोंडाशी येऊन हातगाड्या, सायकली अन् गाईंच्या घोळक्यात मुकाट उभ्या राहायच्या. मंत्री असो की संत्री, गोल बाजारात सगळ्यांना रांग एकच.

या गर्दीत एक जुनी निळी स्कूटर असायची, आणि तिच्यावर नरहरीभाऊ. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, मूळचे वर्धेकडचे, आता पक्के ब्राह्मणपाऱ्यातले; पारा म्हणजे तिकडं मोहल्ला. गळा बेताचाच, पण कान सोन्याचा. देवळात कीर्तन असलं की हे पहिल्या रांगेत, हातात झांज. बुवांनी पूर्वरंग लावला की यांचे डोळे मिटायचे, उत्तररंगातलं आख्यान सुरू झालं की डोळ्यांना धार लागायची. रात्री ऐकलेलं पद दुसऱ्या दिवशी स्कूटरवर चालू. आणि सम आली की, काय सांगू तुम्हाला, दोन्ही हात हँडल सोडून टाळी वाजवायचे! चालत्या गाडीवर!

पाऱ्यातली पोट्टी लांबूनच ओरडायची, "काकाजी, हँडल! हँडल!"

गोदावरीकाकू, म्हणजे भाऊंच्या मंडळी, म्हणायच्या, "एक दिवस देव तुमची टाळी आयकन, आन तुमाले वरतीच बलावून घेईन."

देवानं भाऊंना बोलावलं नाही. बोलावलं असतं तर भाऊंना ते सोपं गेलं असतं. झालं ते वेगळंच. गोल बाजाराबाहेरच्या वळणावर तुळशीराम नावाचा सायकलरिक्षावाला रिक्षा कडेला लावून, वाकून, उतरलेली चेन चढवत होता. आरंगकडच्या गावचा, काळासावळा, काटक गडी. भाऊ वळणावर आले, पद रंगात आलं, सम आली, आणि हात सुटले. स्कूटर सरळ गेली. तुळशीरामाचा डावा पाय रिक्षाच्या चाकात अन् स्कूटरच्या नाकात सापडला.

लोक म्हणतात, अपघात झाला. भाऊ पुढं जन्मभर म्हणत, "झाला नाई, मी केला."

तुळशीराम धुळीत पडला होता, नडगी मोडून हाड वर आलं होतं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "तोर आँखी फूट गे हे का रे, डोकरा बेंदरा!" डोळे फुटले का तुझे, म्हाताऱ्या माकडा! आणि ही नुसती सुरुवात होती. छत्तीसगढी ही मोठी गोड भाषा, पण त्या दिवशी तिनं आपलं दुसरं अंग दाखवलं. भाऊंच्या आजोबांपासून स्कूटरच्या कारखान्यापर्यंत कोणालाही सोडलं नाही.

भाऊंनी खांद्यावरचं उपरणं काढून पाय बांधला, ऑटो थांबवला, त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मग तसेच, रक्ताच्या सदऱ्यानं, ठाण्यात गेले.

"एका माणसाला गाडीनं उडवलं, रिपोर्ट लिहा," ते म्हणाले.

मुंशीनं पेन उचललं. "गाड़ी किसकी थी?"

"माझीच."

"चला कौन रहा था?"

"मीच."

मुंशीनं पेन खाली ठेवलं. "अंकल, आप रिपोर्ट लिखाने आए हैं कि पकड़ाने?"

"जे आधी होईन ते करा," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वरण-भाताचा डबा दिला, आणि स्कूटरची किल्ली स्वतःच्या पदराला बांधून टाकली. भाऊ पायी दवाखान्यात गेले, तुळशीरामाच्या खाटेशी डबा ठेवला, हात जोडले. तुळशीरामानं एकदा भाऊंकडं पाहिलं, एकदा डब्याकडं, आणि डबा उचलून भिरकावला. भाऊ वाकले म्हणून वाचले. वरण भिंतीवर.

पूर्णिमा नावाची सिस्टर धावत आली. दोघांकडं बघितलं अन् फडकं भाऊंच्या हातात दिलं. "दादाजी, दीवार आप साफ करेंगे. और आप," ती तुळशीरामावर उखडली, "गाली देना है तो धीरे. बाजू में हार्ट का पेशंट है."

भाऊंनी भिंत पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा डबा नेला. तुळशीरामानं झाकण उघडलं, घास घेतला, चावला, आणि म्हणाला, "नून कम हे."

मीठ कमी आहे! भाऊंच्या कानाला ते एखाद्या आशीर्वादासारखं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मीठ बरोबर पडू लागलं, आणि शिव्याही हळूहळू निम्म्यावर आल्या.

पण पाय काही सरळ जुळेना. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं धरलंय. पाय उघडून आत लोखंडी पट्टी बसवावी लागेल, तीही इथे नाही, मोठ्या ठिकाणी. नाही केलं तर चालेल कसाबसा, पण पायडल मारणं विसरा. पायडल विसरा म्हणजे तुळशीरामाला भाकर विसरा म्हटल्यासारखंच. भाऊंनी स्कूटर विकायचं ठरवलं, काकूंनी पाटल्या काढून ठेवल्या, तरी मेळ जमेना.

तेव्हा भाऊंनी त्याला ऑटोत घालून नेलं पाऱ्यातल्याच विजया वकिलीणबाईंकडं. विजया भाऊंच्या डोळ्यांसमोर वाढलेली, आता क्लेम कोर्टात तिचं नाव होतं.

तुळशीराम आधीच बिथरलेला. रिक्षास्टँडवर सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, कोर्टात पाय ठेवलास तर दुसराही जाईल. ठाण्यात बसून थोडंफार घे अन् मोकळा हो.

"थोडंफार घेशील, ते महिन्यात संपेल," विजया त्याला हिंदीत म्हणाली. "पाय आयुष्यभराचा आहे. ऑपरेशन, इतक्या दिवसांची बुडालेली कमाई, पुढं जे काम होणार नाही ते, सोसलेलं दुखणं, सगळ्याची भरपाई मागता येते. काका डबा आणतात ती त्यांची माया. हे मायेवर सोडायचं काम नाही."

काकू सोबत आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "विजया, आमच्या पेन्शनीतून कापतीन का वं?"

"नाही काकू. गाडी रस्त्यावर आणायची तर दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा काढावाच लागतो. तो याच्यासाठीच. तुमचा विमा चालू, काकांचं लायसन चालू; देईल ती कंपनी. फक्त आपल्याला शाबीत करावं लागेल की पाय काकांच्याच गाडीनं मोडला, आणि काकांच्याच चुकीनं."

"मंग मी हावो ना!" भाऊ उभेच राहिले. "मी सांगतो ना साहेबाले!"

विजयानं कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही विरुद्ध पक्ष आहात. तुमच्यावरच दावा आहे. आणि तुम्ही माझ्या अशिलाला पाणी काय पाजून राहिले?"

"तहान लागली त्याले."

"हव," तुळशीराम म्हणाला, "पियास तो लगे हे." आणि पेला संपवला.

दावा दाखल झाला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची भानगड झाली ती कीर्तनामुळे. म्हणजे कीर्तनाचा दोष नाही हो! दोष आपला, ऐकणाऱ्यांचा.

रामनवमीच्या उत्सवाला दरवर्षी नागपूरहून गंगाधरबुवा येत. त्यांनी पाऱ्यात पाऊल टाकताच कोणीतरी अपघाताचं कानावर घातलं. देवळाच्या अंगणात, सगळ्यांसमोर, बुवांनी विचारलं, "काय नरहरी, त्या रिक्षावाल्याचं काय? फार चिडला असंल?"

आता भाऊंनी काय सांगावं? त्यांना तुळशीराम आवडायला लागला होता. सगळ्या पाऱ्याला तो आवडावा असं वाटत होतं. आणि आयुष्यभर ऐकलेल्या आख्यानांनी कानाला एक वळण लावलेलं, की ज्याच्यावर दुःख कोसळतं तो हसतोच. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाई बुवा. हसला. म्हणे, काकाजी, तुमच्या हाताले तर नाई ना लागलं?"

बुवांचे डोळे भरून आले. त्या रात्रीच्या उत्तररंगात तो दृष्टांत आला. बुवांनी असा रंगवला, असा रंगवला, की बायका पदरानं डोळे पुसू लागल्या, पेटीवाल्याचा भाता थांबला. भाऊ पहिल्या रांगेत हुंदके देत होते. त्या क्षणी त्यांनाही ते खरंच घडलं असं वाटत होतं. दुसऱ्या रांगेत दिवाकरराव वकील नाक शिंकरत होते.

हे दिवाकरराव कोण, ते सांगायचं राहिलं. आपलेच, मराठी माणूस, कीर्तनाचे तेवढेच वेडे. आणि भाऊंच्या स्कूटरचा विमा ज्या कंपनीचा होता, त्या कंपनीचे वकील.

वर्ष गेलं. पुन्हा रामनवमी आली, पुन्हा बुवा आले, आणि नेमकी उत्सवातच भाऊंच्या साक्षीची तारीख लागली. अर्धा ब्राह्मणपारा कोर्टात. बुवा म्हणाले, चला, आपणही बघू. मागच्या बाकावर कुबडी टेकून तुळशीराम बसला होता, वाकडा पाय पुढं केलेला.

बोलणं हिंदीत चाललं. मी आपल्या बोलीत सांगतो. दिवाकरराव उलटतपासणीला उठले.

"नरहरीभाऊ, रिपोर्ट कोणी लिहवला?"

"मीच."

"अर्जदाराला वकिलाकडं कोणी नेलं?"

"मीच."

"आज त्यांना कोर्टात घेऊन कोण आलं?"

"मीच. ऑटोनं."

हशा पिकला. विजया हसली नाही. हे कुठं चाललंय ते तिला दिसत होतं.

"मागच्या उत्सवात बुवांनी एका रिक्षावाल्याचा दृष्टांत दिला. ती हकीकत त्यांना सांगितली कोणी?"

भाऊ हळूच म्हणाले, "मीच."

दिवाकरराव न्यायाधीशांकडं वळले. "साहेब, मी तो दृष्टांत ऐकून रडलो होतो. नडगी मोडून धुळीत पडलेला माणूस हसतो, आणि धडक देणाऱ्याची विचारपूस करतो. ऐकायला फार गोड. पण वकील म्हणून विचारतो, असं होतं का? प्रत्यक्ष पाहणारा दुसरा साक्षीदार यांनी आणलेला नाही. म्हणजे पाय आधीच कुठंतरी मोडला होता, आणि विम्यासाठी दोघांनी मिळून ही कथा रचली. तसं नसेल, तर नरहरीभाऊ देवळात खोटं बोलले. दोन्हीतलं एक त्यांनीच सांगावं."

भाऊंनी बुवांकडं पाहिलं. बुवांनी तो दृष्टांत वर्षभर गावोगावी सांगितला होता. देवासमोर, बुवांच्या तोंडी आपण लबाडी घातली, हे कबूल करायचं, तेही सगळ्या पाऱ्यासमोर. मग त्यांनी मागं पाहिलं. तो पाय. तो काही कोणाच्या अब्रूसाठी थांबणार नव्हता.

"साहेब," भाऊ म्हणाले, "तुळशीराम हसला नाई."

"मग काय केलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्यानं मले... डोकरा बेंदरा म्हटलं."

कोणीतरी फुस्स केलं. न्यायाधीश बिलासपूरकडचे होते. त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "और?"

"और बरंच काही. आजोबांवर गेला. पन साहेब, इथं बाया बसल्या आहेत."

"साहब, मैं बता दूँ?" मागून कुबडीचा आवाज आला. तुळशीराम उभा राहिला होता. "ये डोकरा हा का जानही, आधा तो भुला गे होही!" या म्हाताऱ्याला काय ठाऊक, अर्ध्या तर विसरला असेल!

"बैठिए," न्यायाधीश म्हणाले. पण तोपर्यंत पहिल्या दोन ओळी सुटल्या होत्या. काय ती चाल, काय तो ठसका! वर्ष होऊन गेलं होतं, पण दुखणं काल झाल्यासारखं ताजं. शिपायानं तोंडात रुमाल कोंबला. गोदावरीकाकू, ज्यांना तीस वर्षांत भाऊंना असं बोलायला सुचलं नव्हतं, त्या कौतुकानं बघत होत्या.

"हे दुसऱ्या कोणी ऐकलं का?" न्यायाधीशांनी कसंबसं गंभीर होत भाऊंना विचारलं.

"रस्त्यावरचं ठाऊक नाई. पन दवाखान्यात पूर्णिमा सिस्टरनी ऐकलं. त्यानं डबा फेकला माझ्यावर, वरण भिंतीवर गेलं. सिस्टरनी भिंत मलेच पुसाले लावली." भाऊंनी हात जोडले. "साहेब, देवळात मी खोटं बोललो. त्याले चांगला करायच्या नादात त्याचं दुखणंच खाऊन टाकलं मी. पाय माझ्या गाडीनं मोडला. मी टाळी वाजवत होतो."

विजयानं तिथल्या तिथं अर्ज दिला. पुढच्या तारखेला सिस्टरला बोलावणं गेलं. ती आली, दवाखान्याचे कागद घेऊन आली. पेशंट आला तेव्हा जखम ओली होती, हाड त्याच दिवशी मोडलेलं होतं, आणणारा हाच म्हातारा होता. "और जज साहब," तिनं जाता जाता सांगितलं, "ये दोनों मिले हुए थे, ऐसा जो बोले, उसको मेरे वार्ड में एक दिन बैठा दीजिए."

दिवाकररावांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. निकाल तुळशीरामाच्या बाजूनं लागला: ऑपरेशनचा खर्च, बुडालेलं काम, पुढचं अधू राहणं, सगळं धरून. रक्कम मला विचारू नका. पट्टी बसली आणि घरात चूल पेटती राहिली, एवढी होती.

पण मी पुढं गेलो. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर काय झालं ते ऐका. भाऊंनी बुवांचे पाय धरले अन् लहान पोरासारखे रडू लागले. बुवांचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, बुवाही रडून राहिले. पाहतात तर बुवा हसत होते, पागोटं कलंडेपर्यंत हसत होते.

"ऊठ रे नरहरी! वर्षभर हा दृष्टांत सांगून राहिलो मी, आन दर वेळेस मनात येई, हा माणूस काही पटत नाई बुवा. आज पटला! देवाले काय हसणाऱ्याचंच दुखणं कळते? ओरडणाऱ्याचं नाई कळत?"

दिवाकरराव काळा कोट खांद्यावर टाकून बाजूनं चालले होते. थांबले. "तुमचं झालं, नरहरीभाऊ," ते हळहळत म्हणाले, "पण माझा एक चांगला दृष्टांत गेला हो."

"संध्याकाळी या," बुवा म्हणाले. "दुसरा देतो."

त्या संध्याकाळी नाही, पण पुढच्या उत्सवात तो रंगला. तोपर्यंत पायात पट्टी बसली होती. तुळशीराम किंचित लंगडत, पण कुबडीशिवाय, बायकोला घेऊन देवळात आला. रिक्षा पुन्हा धरली होती त्यानं, चढणीचे रस्ते तेवढे टाळायचा. लोक त्याला पुढं बसा, पुढं बसा म्हणू लागले. तो खांबाला टेकून मागंच बसला.

बुवांनी आख्यान लावलं. रस्ता आला, वळण आलं, टाळी आली, पाय आला. बुवा म्हणाले, "आणि तो धुळीत पडलेला जीव काय म्हणाला?" इथं बुवा अडखळले. देऊळ होतं, बायका-पोरं होती. त्यांनी आवाज मऊ केला. "तो म्हणाला, अरे वृद्धा, तुला दिसत नाही का?"

"नहीं, महाराज!" खांबाजवळून आवाज आला. "मैं बेंदरा कहे रहेंव! डोकरा बेंदरा!"

देऊळ हशानं दणाणलं. बुवांनी तिथूनच त्याला हात जोडले, आणि मोठ्यानं, सुरात, तंबोऱ्याच्या साथीनं, तो शब्द जसाच्या तसा म्हटला. तुळशीरामानं मान डोलावली: हं, आता बरोबर. भाऊ उठून मागं गेले आणि त्याच्या शेजारी बसले. बुक्का लावायची वेळ आली तेव्हा दोघांनी एकमेकांच्या कपाळाला लावला. तुळशीरामानं जरा जास्तच लावला, नाकावर सांडेल इतका.

भाऊ आता नाहीत, बुवाही नाहीत. मी तुमच्याकडं काही मागत नाही, एवढंच मागतो. रस्त्यात कोणी पडलेला दिसला, आणि तो ओरडत असला, चिडत असला, तुम्हालाच दोन शब्द ऐकवत असला, तर त्याच्यावर रागावू नका. आरंगकडच्या तुळशीरामाची आठवण करा. आणि आठवण कराल तेव्हा, माझ्यासाठी, त्याला हसरा करू नका.